घरी येऊन रक्त नेणारं 'फिवर पॅकेज' घेतलं, त्याचा रिव्ह्यू (मोठा आहे, चहा घेऊन बसा)

आधीच सांगतो, पाचपैकी दोन स्टार. त्यातला एक रक्त काढायला आलेल्या पोराचा, आणि दुसरा कशाचा ते पुढं येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर मला नोटीस-बिटीसचं लफडं नको, आणि असलं पॅकेज आता सगळेच विकतात, वरचं नाव बदललं तरी आतला माल तोच. म्हणून हा रिव्ह्यू पॅकेजचा समजा.

झालं काय, आमचे आप्पा, म्हणजे वडील, वय ६७, गावाकडं असतात. खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला आमचं गाव, भातशेती, दोन म्हशी. मी बेळगावात वडगावला राहतो. श्रावणात एका रविवारी आप्पांना ताप आला. आईनं काढा दिला, गावातल्या मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणली, ताप उतरायचा आणि संध्याकाळी परत चढायचा, हुडहुडी भरून. डोकं तर असं दुखायचं की माणूस डोळे उघडायला तयार नाही. आईचं म्हणणं, वार पाळणुकीच्या मंगळवारी, शेतात जायचं नसतं त्या दिवशी, हे शेतात गेले, नको म्हटलं तरी गेले, त्याचंच हे. बुधवारी मी जाऊन गाडीत घालून घरी आणलं.

आता इथंच माझी चूक झाली. सरळ डॉक्टरकडं जायचं सोडून मी मोबाईल काढला. म्हटलं आधी टेस्ट करून घेऊ, रिपोर्ट हातात असला की डॉक्टरचा पण वेळ वाचतो. फिवर पॅकेज, ४,२०० खोडून १,६९९. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मलेरिया, डेंग्यूच्या तीन, विडाल म्हणजे टायफॉइडची, लिव्हरच्या, लघवी, अंगातली सूज बघायची सीआरपी आणि अजून काय काय, यादीच एवढी मोठी की बघूनच बरं वाटाय लागलं. बुक करताना नाव, वय, पत्ता, पिनकोड, ईमेल, कूपन कोड सगळं विचारलं. ताप कितव्या दिवसाचा आहे हे कुठंच विचारलं नाही. तेव्हा ते माझ्या डोक्यात पण आलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातची वेळ दिलेली, पोरगं सात पंचवीसला दारात. ह्या पोराला मात्र मानलं पाहिजे. आप्पांच्या हाताची शीर सापडत नाही, त्यात चार दिवस पोटात काही नाही, तरी एकदाच टोचलं आणि झालं. नळ्यांवर नाव आप्पांच्या समोरच लिहिलं, जांभळ्या टोपणाची नळी हळू उलटीपालटी करून ठेवली. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाला, अण्णा, हलवलं नाही तर रक्त गोठतंय आत, मग पेशी खोट्याच कमी दिसतात. एवढं सांगणारं कोण भेटतंय हो. गोवावेसला असले लोक सीटी वाजवत नळ्या खिशात घालून जाताना बघितलेत मी.

रात्री नऊला रिपोर्ट आला व्हॉट्सॅपवर. १४ पानं. पहिल्या पानावर हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो, दुसऱ्या पानावर लिव्हरचं चित्र, मग आकडे, लाल रंगात, बाजूला खाली-वर बाण. प्लेटलेट ८८ हजार, लाल. लिव्हरचे एसजीओटी-एसजीपीटी दोन्ही लाल. मलेरिया निगेटिव्ह. डेंग्यू एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, पण आयजीजी पॉझिटिव्ह, लाल. आणि विडाल, टीओ १:१६०, टीएच १:१६०, जाड अक्षरात लाल. पॅकेजमध्ये 'डॉक्टर कन्सल्टेशन फ्री' होतं, तो फोन शुक्रवारी सकाळी आला, हिंदीतून, चार मिनिटं. विडाल पॉझिटिव्ह आहे, टायफॉइड दिसतोय, जवळच्या डॉक्टरना दाखवा. बस्स. आप्पांशी बोलायचं पण नाव नाही.

मग जवळच्या डॉक्टरना दाखवलं. त्यांनी रिपोर्ट बघितला, आप्पांकडं साधारण तेवढा वेळ बघितलं जेवढा आपण लिफ्टमध्ये शेजारच्याकडं बघतो, आणि टायफॉइडच्या गोळ्या आणि दोन सलाईन. त्यांना तरी काय बोलायचं, मीच आधी कागद पुढं केला आणि म्हणालो टायफॉइड निघालाय.

शनिवार-रविवार घरात जत्रा. प्लेटलेट कमी म्हटल्यावर सगळ्या पाव्हण्यांना डेंग्यूच वाटतो, कुणी पपईच्या पानाचा रस आणला, बहिणीनं खडेबाजारातनं किवी आणले, त्याचा भाव ऐकून आप्पा म्हणाले एवढ्या पैशात म्हशीला आठवडाभराची पेंड येते. कुणाला आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं, कुणाला विडाल, कुणी म्हणालं दोन्ही एकदम झालंय. ताप काय हलला नाही. रविवारी रात्री १०३.

सोमवारी, तापाचा नववा दिवस, ऑफिसातल्या एकानं सांगितलं म्हणून एका वयस्कर फिजिशियनकडं नेलं. त्यांचं पण नाव लिहीत नाही, त्यांना चालणार नाही, शिवाय तिथं आधीच दीड तास बसावं लागतंय, अजून गर्दी नको. (हे दीड तासाचं मात्र मला आवडलं नाही, नंबर लावायची काहीतरी पद्धत पाहिजे. बाहेर बाकडी तीन आणि माणसं तीस.)

आत गेलो, मी नेहमीप्रमाणे १४ पानं पुढं केली. त्यांनी घेतली आणि पालथी घालून टेबलावर ठेवली. म्हणाले, हे नंतर. आणि आप्पांना, एष्ट दिवस आत री, मग लगेच मराठीत, किती दिवस झाले काका? कन्नड माणूस, पण मराठी अगदी आपलं बेळगावी. काम काय करता? शेतात आता काय चाललंय? पायात काही घालता की अनवाणी? पाणी कुठलं पिता, विहिरीचं की नळाचं? घरात उंदीर? गोठ्यात कोण काम करतं? घरात अजून कुणाला ताप? आणि मला गंमत वाटली तो प्रश्न, रानाकडं माकडं मेलेली दिसली का कुठं?

मी म्हटलं माकडं कशाला, तर त्यांनी सांगितलं. क्यासनूरचा ताप, लोक माकडताप म्हणतात तो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा ओळखला, गोचिडीतनं पसरतो, आधी माकडं मरतात. आता फक्त तिकडचा राहिला नाही, २०१५ ला गोव्यात सत्तरीत आणि २०१६ ला दोडामार्गात निघाला, दोन्ही जागा आमच्या तालुक्याला लागूनच की. पण तो जास्त करून थंडी सरताना आणि उन्हाळ्यात, श्रावणात सहसा नाही, तरी विचारायचं. मग उंदीरताप, लेप्टो, तो भातशेतीच्या पाण्यातला, उंदराच्या मुतातनं, पायाला चीर असली की आत जातो. म्हणून त्यांनी आप्पांच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, लेप्टोत तिथं हात लावू देत नाही माणूस, आणि डोळे बघितले, लाल आहेत का. नव्हते. मान वाकवून बघितली, पोटात बोटं घालून लिव्हर आणि पांथरी चाचपली, घड्याळ धरून नाडी मोजली. टायफॉइडमध्ये ताप जास्त असला तरी नाडी त्या मानानं कधी कधी हळू चालते म्हणे, आप्पांची धावत होती.

मग म्हणाले, काका, शर्ट काढा. बनियन पण. आता विजार सैल करा.

आप्पा लाजले. मी पण. त्यांनी बॅटरी घेतली आणि काखेत बघितलं, मानेमागं, छातीच्या घडीत, जांघेत, आणि मग कमरेचा करगोटा बोटानं वर सारला. त्याच्या खाली, बरोब्बर दोऱ्याच्या रेषेत, एक काळी खपली. विडीचा चटका बसल्यासारखी, भोवती लालसर कडा, शर्टाच्या गुंडीएवढी. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळं आप्पांना ठाऊकच नव्हतं, आणि रोज अंघोळीचं पाणी देणाऱ्या आईला पण नाही. डॉक्टर मागं सरकून बसले आणि म्हणाले, हां. स्क्रब टायफस.

टायफस म्हणजे टायफॉइडच ना, असं मी शहाण्यासारखं विचारलं. नाही, नावं सारखी, रोग वेगळे. हा एका बारक्या किड्याच्या पिल्लातनं होतो, चिगर म्हणतात, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, गवतात, बांधावर, झुडपात असतो, उंदरांच्या अंगावर वाढतो. माणूस गवतात बसला की अंगावर चढतो आणि कपडा जिथं घट्ट बसतो तिथं चावतो, विजारीच्या नाडीखाली, करगोट्याखाली, काखेत. चावल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी ताप. आप्पांना विचारलं तर बांधावरची वैरण कापायची चालूच होती आणि दुपारची भाकरी पण तिथंच बसून. दुसऱ्या महायुद्धात आसाम-बर्माच्या रानात सैनिकांना ह्यानं लोळवलं होतं म्हणे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खपली सगळ्यांच्यात सापडत नाही, पण सापडली की अर्धं काम झालं.

मग त्यांनी ती १४ पानं उलटी केली. आणि इथं त्या दुसऱ्या स्टारचं सांगतो. त्यांनी पान नंबर ३ आणि ६ बघितलं, बाकी बघितलंच नाही. सीबीसी आणि लिव्हर. म्हणाले, बगा, प्लेटलेट कमी आहेत म्हणून तुम्ही डेंग्यू डेंग्यू करताय, पण पांढऱ्या पेशी ९,८०० आहेत, डेंग्यूत त्या बहुतेक वेळा खाली घसरतात. लिव्हरचे आकडे थोडे वर, हे तिघांतही होतं, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब. म्हणजे ही दोन पानं उपयोगाची निघाली, त्या जांभळ्या नळीवाल्या पोराची मेहनत वाया गेली नाही. म्हणून दुसरा स्टार.

आणि बाकीच्या टेस्टचं मी विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो, कारण माझ्या डोक्यात ते असंच बसलंय. घरात पाव्हणा आलाय का हे बघायचंय समजा. एनएस-१ म्हणजे पाव्हणा स्वतःच सोफ्यावर बसलेला दिसला, खुद्द विषाणूचाच तुकडा, पण तो साधारण पहिले पाच दिवसच नीट दिसतो, नंतर उठून जातो. आयजीएम, रोगाशी लढायला अंग बनवतं ती पहिली अँटिबॉडी, म्हणजे मोरीत पडलेल्या कपबश्या, कुणीतरी नुकतंच येऊन गेलंय, पण त्या मोरीत जायला चार-पाच दिवस लागतात. आयजीजी, मागाहून राहणारी जुनी अँटिबॉडी, म्हणजे शेजारीण सांगते की तुमच्याकडं मागं कधीतरी पाव्हणे आले होते, कधी ते तिला पण आठवत नाही. आप्पांचं रक्त गेलं पाचव्या दिवशी, म्हणजे पाव्हणा उठायच्या बेतात आणि कपबश्या अजून बाहेरच. त्या दिवशी दोन्ही निगेटिव्ह आलं तर डेंग्यू नाहीच असं छातीठोक म्हणता येत नाही, आणि आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर मागं कधीतरी होऊन गेला असेल एवढंच. रिपोर्टवर मात्र तीच ओळ सगळ्यात लाल. रंग देणाऱ्याला पाव्हणा, कपबशी, शेजारीण सगळं एकच.

विडालवर तर डॉक्टर चिडलेच. ही टेस्ट १८९६ सालची, फर्नां विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं काढलेली, तेव्हा भारीच होती, पण आपल्याकडं जिथं पाण्यातनं हे जंतू येत-जात असतात तिथं धडधाकट माणसाच्या रक्तात पण थोडं विडाल निघतंय. एकाच नमुन्यावर काही ठरत नाही, आठ-दहा दिवसांनी परत काढून चौपट वाढलं तर बोला. टायफॉइड खरा धरायचा तर ब्लड कल्चर, रक्तातला जंतू वाढवून बघायचा, आणि ते अँटिबायोटिक पोटात जायच्या आधी, पहिल्या आठवड्यात. आता तीन दिवस गोळ्या घेतल्यावर कल्चर काढून काय सापडणार. हे ऐकून मला जरा लागलं, कारण गोळ्या माझ्या कागदामुळंच सुरू झाल्या होत्या. त्यांनीच मग सांगितलं की टीबीसाठी अशा रक्तातल्या अँटिबॉडीच्या टेस्ट पूर्वी धडाधड व्हायच्या, लोकांना चुकीचं निदान व्हायचं, म्हणून सरकारनं २०१२ मध्ये त्यावर बंदीच घातली, टीबीला थुंकीच तपासायची. विडालवर बंदी नाही, म्हणून पॅकेजात.

टायफॉइडच्या गोळ्या ह्या जंतूला लागतच नव्हत्या, तो पेशीच्या आत घुसून बसतो. गोळी बदलून दिली, डॉक्सिसायक्लिन, साधी, जुनी, स्वस्त. (डोस लिहीत नाही, कुणीतरी वाचून स्वतःच घ्यायला जाईल. गरोदर बाईला आणि बारक्या पोरांना डॉक्टर वेगळा विचार करतात.) स्क्रबची आयजीएम एलायझा ही रक्ताची टेस्ट पण पाठवली, पण म्हणाले रिपोर्टची वाट बघत औषध थांबवायचं नाही, ह्यात उशीर झाला की फुप्फुस, किडनी, मेंदू काहीही धरतंय. नवव्या दिवशी मात्र कपबश्या मोरीत असणार, असं मीच म्हटलं, तर हसले.

जाताना अजून एक. आप्पांच्या दंडावर देवीच्या लसीचा जुना गोल डाग आहे, त्यांच्या वयाच्या सगळ्यांच्या आहे. डॉक्टर बोट ठेवून म्हणाले, हा डाग टिळकवाडीचा आणि कमरेचा डाग जांबोटीचा. मला कळायला वेळ लागला. टिळकवाडीत आपण ज्याला व्हॅक्सिन डेपो म्हणतो, जिथं सकाळी चालायला जातो, तिथं खरंच देवीची लस तयार व्हायची, ही लस तेव्हा वासरांच्या कातडीवर वाढवायचे. १९८० मध्ये देवी जगातनं गेल्याचं जाहीर झालं. आणि देवी ओळखायला तेव्हा काय पॅकेज होतं म्हणाले, अंगावरचे फोड बघायचे. देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर, तळव्यावर जास्त आणि सगळे एकाच टप्प्यातले. कांजिण्यांचे पोटा-पाठीवर जास्त, काही ताजे, काही सुकलेले, असे मिसळलेले. डोळ्यानं ओळखायचे. मी कितीतरी वर्षं त्या डेपोच्या मैदानावर फिरलोय, हे माहीत नव्हतं.

सोमवारी दुपारी पहिली गोळी. मंगळवारी रात्री ताप ९९. बुधवारी सकाळी आप्पा उठून म्हणाले, चहा दे, आणि म्हशीला वैरण कोण घालतंय? बुधवारीच स्क्रबचा रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह.

आता हिशोब, कारण रिव्ह्यूत तो पाहिजे. पॅकेज १,६९९, सलाईन आणि चुकीच्या गोळ्या वेगळ्या, किवी वेगळे. शेवटच्या डॉक्टरांची फी ४०० आणि स्क्रबची टेस्ट साडेअकराशे. आणि एक, डेंग्यूच्या टेस्टचे दर कर्नाटक सरकारनं २०२४ च्या जुलैत बांधून दिलेत, एनएस-१ एलायझा ३०० आणि आयजीएम ३००. पॅकेजमध्ये कुठल्या टेस्टला किती ते लिहिलेलंच नसतं, त्यामुळं विचारा. मलेरियाची काच प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट बघतात, बोटाला टोचून, ते पण मला नंतर आशाताईनं सांगितलं, गावात तिच्याच घरासमोर आमचं घर आहे आणि आम्ही १,६९९ घालून बसलो.

पॅकेज कुणी घ्यावं? तापाचा दिवस माहीत असेल, डॉक्टरनं बघून टेस्ट लिहून दिल्या असतील आणि म्हातारं माणूस लॅबपर्यंत जाऊ शकत नसेल, तर घरी येऊन रक्त नेणं ही सोय झकास आहे, त्यासाठी मी परत त्यांनाच बोलवीन, त्याच पोराला. पण फक्त लिहून दिलेल्या दोन-तीन टेस्टसाठी. यादी बघून बरं वाटतंय म्हणून घेऊ नका. आणि कंपनीवाल्यांना एवढंच, बुकिंगच्या पानावर कूपन कोडच्या जागी 'ताप कितव्या दिवसाचा' आणि 'काम काय करता' असे दोन रकाने घाला की, त्याला काय पैसे पडतात?

आई अजून त्या डॉक्टरांवर थोडी नाराज आहे. करगोटा तोडला का काय अशी तिला शंका, तोडणं अशुभ, आप्पांनी दहा वेळा सांगितलं की नुसता वर सारला. तरी शनिवारी नवीन बांधलाच.

परवा कंपनीचा तो मशीनचा फोन आला, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाचमधला आकडा दाबा. मी अंघोळीला गेलेलो, फोन आप्पांनी उचलला. आकडा-बिकडा त्यांना काय कळलं नाही. बाहेर येऊन ऐकतो तर ते त्या मशीनच्या बाईला अगदी समजावून सांगत होते, "बाई, रक्त नेलासा ते बरं केलासा, पण करगोटा वर करून बगायला पायजे होतं ओ तुमी."